मिरजेच्या डॉक्टरांची एमजीबी आणि पाच टायर

काकांचा फोन आला तेव्हा त्यांनी टायरांचं नावही काढलं नव्हतं. "अरे, पन्नास मैलांच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतंय. आणि परवा पावसात राउंडअबाउटवर गाडीचा मागचा भाग एकदम बाजूला गेला. मी जोरात नव्हतो, ही शेजारी बसली होती, तिला विचार. तू येऊन बघशील का?"

ही गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधली. काका मूळचे मिरजेचे. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकले, सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले आणि डर्बीच्या आसपास आयुष्यभर डॉक्टरकी केली. आता वय शहात्तर. त्यांची गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटर, तारांच्या चाकांची. त्यांनी ती जुनीच घेतली होती, १९८६ साली. मी सस्पेन्शनच्या चाचण्यांचं काम करतो, म्हणून त्यांना वाटलं सस्पेन्शन गेलं असावं. मलाही फोनवर तसंच वाटलं. पुढचे सहा आठवडे जे झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण जुनी गाडी जिवापाड जपणारी माणसंही टायरांच्या बाबतीत नेमकी इथेच चुकतात.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. एमजीबी १९६२ साली आली आणि ऑक्टोबर १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत राहिली. सगळी मॉडेलं धरून पाच लाखांहून जास्त. इंजिन १७९८ सीसीचं, ताकद पंच्याण्णव हॉर्सपॉवर, वजन साधारण ९२० किलो, वेग जेमतेम ताशी शंभर मैलांच्या वर. मागे एकसंध ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे आपल्याकडच्या ॲम्बॅसेडरसारखीच मांडणी. स्पोर्ट्स कार म्हणतात ती ताकदीमुळे नव्हे. ती हलकी आहे, बसायची जागा जमिनीलगत आहे आणि चालवणाऱ्याच्या हाताला रस्ता कळतो, म्हणून. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण रस्ता हाताला कळवण्याचं काम टायर करतो.

पहिल्या दिवशी काय दिसलं

काकांच्या गॅरेजमध्ये गाडी लख्ख उभी होती. क्रोम चमकत होतं, टपाच्या कापडावर एक सुरकुती नव्हती. मी चाकाशी वाकलो तर काका म्हणाले, "टायर उत्तम आहेत रे, नक्षी बघ की!" नक्षी खरंच उत्तम होती. खोली मोजली, सहा मिलिमीटर भरली. इथला कायदा १.६ मागतो. गाडी वर्षाला तीन-चारशे मैल धावत असेल तर नक्षी झिजणार तरी कशी?

मग मी टायरच्या कडेवरचा तारखेचा आकडा शोधला. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. बाहेरच्या बाजूला ती चौकट बऱ्याचदा नसते, आतल्या बाजूला असते. म्हणून गाडीखाली सरपटून टॉर्च मारावा लागला. चारही टायरांवर एकच आकडा होता, २३०९. म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. जून महिना. जवळजवळ चौदा वर्षं.

"आणि स्टेपनी?" मी विचारलं.

काकांनी डिकी उघडली. स्टेपनीवर चार नव्हे, तीनच आकडे होते, ४०८, आणि शेजारी एक छोटा त्रिकोण. सन २००० च्या आधी तारीख तीन आकड्यांत लिहीत, वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. नव्वदीच्या दशकातले टायर ओळखू यावेत म्हणून काही कारखाने तो त्रिकोण काढत. १९९८ चा चाळिसावा आठवडा. तो टायर एकदाही रस्त्याला लागलेला नव्हता, त्याच्यावरची रबराची मिशी तशीच होती. काकांना वाटत होतं की डिकीमध्ये एक कोरा टायर आहे. होता तो पंचवीस वर्षांचा वाळका रबर.

(स्टेपनी म्हटलं की इथले लोक बघतच राहतात. शब्द मात्र इथलाच. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जोडीचं चाक विकायला काढलं, त्यावरून तो पडला. इथे तो विसरला गेला, आपल्याकडे टिकला.)

रबर वाळतं म्हणजे काय होतं, हे थोडं समजून घ्यायला हवं. टायरच्या रबरात ओझोनपासून आणि ऑक्सिजनपासून बचाव करणारी मेणं आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, ताणला जातो, तसतशी ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हा झिरपा थांबतो. म्हणून कमी चाललेला टायर जास्त टिकतो हा समज उलटा आहे. तो दिसायला चांगला राहतो आणि आतून कडक होत जातो. मी दुसऱ्या दिवशी कामावरून रबराचा कडकपणा मोजायचं छोटं यंत्र आणलं. त्याची सुई शंभरपैकी ८२ वर थांबली. ताज्या टायरवर ती साठ-पासष्टच्या आसपास थांबते. नखाने दाबून पाहिलं तर खूण उमटत नव्हती. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या, वरून न दिसणाऱ्या.

पावसात गाडी का सुटली याचं उत्तर तिथेच मिळालं. थरथरीचं मात्र नाही.

टायर चुकीच्या मापाचेही होते

कडेवर माप होतं १८५/६५ आर १४, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रेडियल, आणि रिम १४ इंचांची. कोणीतरी २००९ साली स्वस्तात मिळाले म्हणून बसवले असावेत. १९६७ च्या रोडस्टरला कारखान्यातून ५.६०-१४ मापाचे क्रॉसप्लाय येत, म्हणजे आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदून जाणारे जुन्या पद्धतीचे टायर. रेडियल, म्हणजे आतले धागे सरळ आडवे असलेले, आजच्या पद्धतीचे हवे असतील तर १५५ चे मिळत, आणि याच गाडीच्या छपरवाल्या बहिणीला, जीटीला, १६५ चे. आज एमजीबी चालवणारे बहुतेक लोक १६५ आर १४ हेच तिचं माप धरतात.

आता हिशेब बघा. जुन्या पद्धतीच्या १६५ आर १४ मध्ये कडेची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के असते. १६५ चे ८२ टक्के म्हणजे १३५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे २७१, अधिक १४ इंचांचे ३५६. एकूण व्यास ६२६ च्या आसपास. १८५/६५ चा व्यास भरतो ५९६. तीस मिलिमीटरचा फरक. म्हणजे गाडी पंधरा मिलिमीटर खाली बसली होती, आणि काका अनेक वर्षं स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासतो म्हणून सायलेन्सरला दोष देत होते. चाक जवळपास पाच टक्के लहान, म्हणून काट्यावर साठ दिसले तरी गाडी सत्तावन्ननेच जाणार. आणि मोटरवेवर सत्तरला इंजिन मिनिटाला दोनशे फेरे जास्त मारणार. काकांच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर, नाही, त्यामुळे ते दोनशे फेरे कानाला चांगलेच जाणवतात.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकली. काकांची तारांची चाकं साडेचार इंच रुंदीच्या रिमची. १८५/६५ ला किमान पाच इंचांची रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, बूड फुगीर होतं आणि वळणावर टायर रिमवरच डोलतो. काका म्हणत होते, "स्टिअरिंग फिरवलं की आधी काहीच होत नाही, मग एकदम होतं." ते हेच.

आणि हवा! चारही चाकांत ३२ पौंड. सर्व्हिसिंग करणाऱ्याने आजच्या गाड्यांच्या सवयीने भरली होती. रेडियलसाठी या गाडीचं हँडबुक पुढे २१ आणि मागे २४ सांगतं.

कोणीच कसं पकडलं नाही, असा प्रश्न काकूंनी विचारला. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. आणि तपासणी झाली असती तरी नक्षी पाहिली जाते, उघड्या जखमा पाहिल्या जातात; खासगी गाडीचा टायर निव्वळ वयावरून नापास होत नाही. बस, कोच आणि मालवाहू गाड्यांच्या पुढच्या चाकांना मात्र १ फेब्रुवारी २०२१ पासून दहा वर्षांची मर्यादा आहे. तो कायदा कसा आला, ते मी काकांना सांगितलं. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणारी कोच सरे परगण्यात हाइंडहेडजवळ झाडावर आदळली आणि तिघं गेले. फुटलेला पुढचा टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, खुद्द कोचपेक्षा जुना. मुलगा गमावलेल्या एका आईने त्यानंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कायदा झाला. काका डॉक्टर आहेत, अशा गोष्टी ते शांतपणे ऐकतात. त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "टायर बदलेपर्यंत ती तुझ्याकडेच राहू दे."

काकूंचा कान

टायर निवडण्याआधी चाकं तपासणं भाग होतं. तारांच्या चाकाला साठ तारा असतात आणि प्रत्येक तार ताणात हवी. तपासायची रीत सोपी आहे: चाक मोकळं उचलायचं आणि पान्याने एकेका तारेला हलकेच टिचकी मारायची. ताणलेली तार वाजते, सैल तार नुसती खट करते.

मी मारत होतो, काकू चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. त्या मिरजेच्या, माहेर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, लहानपण तंबोऱ्यांच्या जवाऱ्या लागताना ऐकण्यात गेलेलं. "थांब, मागची परत वाजव," त्या म्हणाल्या. मी वाजवली. "ही उतरलीय. आणि तिच्या पलीकडची दुसरी पण." माझ्या कानाला पहिली कळली होती, दुसरी नाही. पुढच्या डाव्या चाकात चार तारा सैल निघाल्या, त्यातल्या तीन काकूंनी सांगितलेल्या. त्या चाकाचा हेलकावा डायलवर दीड मिलिमीटर भरला. थरथरीचा निम्मा हिशेब इथे लागला. ते चाक सरळ करायला पाठवलं.

पर्याय

आता खरा प्रश्न. काकांच्या मुलाचा कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉल आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: "बाबा, गाडी घसरली ना? मग रुंद टायर घाला. १९५/६० मिळतात, आजच्या रबराचे, ग्रिप दुप्पट." काका माझ्याकडे बघायला लागले. मुलाची काळजी खरी होती, आणि रुंद म्हणजे पकड हा विचार इतका स्वाभाविक वाटतो की त्याला नीट उत्तर द्यायला हवं होतं.

टायर जमिनीला जितक्या भागात टेकतो, ते क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंद टायर घातला की टेकलेला भाग रुंद आणि आखूड होतो, एकूण फार वाढत नाही. कोरड्या ट्रॅकवर वळताना रुंद आकाराचा फायदा होतो, हे खरं. पण ओल्या रस्त्यावर रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ९२० किलोच्या गाडीचं वजन त्याला दाबायला अपुरं पडतं. तो लवकर पाण्यावर तरंगतो. काकांची गाडी घसरली होती ती पावसातच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. ॲबिंग्डनच्या माणसांनी स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचे कोन हे सगळं बसवलं ते उंच, लवचिक कडेचा अरुंद टायर धरून. ती उंच कड ही या गाडीची पहिली स्प्रिंग आहे. खड्डा आला की आधी ती दबते, मग पाट्या. ती कड काढून घेतली की धक्का सरळ लोखंडात जातो, आणि इथे तर तारांत. जास्त पकडीचा टायर वळणावर चाकावर जास्त ताण टाकतो, तो साठ बारीक तारांना आणि चाक ज्यावर बसतं त्या हबच्या दात्यांना सोसावा लागतो. शिवाय १९५/६० चा व्यास आणखी कमी, ५९०. सायलेन्सर आणखी खाली.

आणि अरुंद टायर सुटतो तो सांगून सुटतो. आधी कुजबुजतो, मग थोडा सरकतो, तुम्हाला सावरायला वेळ देतो. रुंद, कडक टायर बराच वेळ धरून राहतो आणि सोडतो ते एकदम. शहात्तर वर्षांच्या चालकासाठी मला पहिला स्वभाव हवा होता. हे मुलाला सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ठीक आहे दादा, तू सांगशील ते."

१९५/६० तिथेच संपला. ५.६०-१४ क्रॉसप्लायही फार वेळ टिकला नाही. दिसायला तो अस्सल आणि प्रदर्शनात मान मिळवणारा, पण रस्त्यावरच्या प्रत्येक चरात शिरू पाहतो. काका ए६ महामार्गाने मॅटलॉक, बेकवेल, बक्स्टनपर्यंत जातात, तिथे मागे ट्रक असतात. (एक सावधगिरीची गोष्ट: पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी जोडी इथे बेकायदा आहे, आणि ती खरोखर जीवघेणी आहे. आपल्याकडे पद्मिनी बाळगणारे कधी दोनच रेडियल घालतात. घालायचे तर चारही घाला.)

१८५/७० हा मोहात पाडणारा पर्याय. पुष्कळ एमजीबींवर तो दिसतो. व्यास ६१५, मूळ मापाच्या जवळ, साडेचार इंची रिम त्याला कशीबशी चालते. पण पार्क करताना स्टिअरिंग जड होतं, आणि काही गाड्यांत मागचा डावा टायर मडगार्डच्या आतल्या ओठाला घासतो, कारण मागचा ॲक्सल अगदी मधोमध बसलेला नसतो. मी काकांच्या गाडीत मोजलं. उजवीकडे मोकळी जागा भरपूर, डावीकडे नऊ मिलिमीटर कमी. काकूंसह, सामानासह, खड्ड्यात तो नक्की घासला असता.

एक सापळाही सापडला. ऑनलाइन १६५ आर १४ शोधलं की सर्वांत स्वस्त टायर वर येतात, आणि मापाच्या शेवटी एक छोटा सी असतो. तो व्यावसायिक वाहनांचा, म्हणजे छोट्या व्हॅनचा टायर. त्याचा भारांक ९७ च्या आसपास, म्हणजे एका टायरवर ७३० किलो. काकांच्या गाडीच्या एका चाकावर त्याच्या निम्माही भार येत नाही. तो टायर त्या गाडीखाली दबतच नाही, लाकडी चाकासारखा उडतो. माप तंतोतंत जुळतं म्हणून लोक घेतात. एका अक्षराकडे लक्ष न गेल्याने पैसे वाया जातात, आणि पावसात त्याहून जास्त.

उरले दोन: आजचा साधा १६५/८० आर १४ आणि जुन्या नक्षीचा, नव्याने बनवलेला १६५ आर १४. साध्याचा व्यास ६२०, भार आणि वेग दोन्ही पुरेसे, किंमत दुसऱ्याच्या एक-तृतीयांश. ज्याच्याकडे पैसे बेताचे आहेत त्याने हाच घ्यावा आणि मनात काही ठेवू नये; ताजा साधा टायर चौदा वर्षांच्या नामांकित टायरपेक्षा कितीतरी बरा. जुन्या धर्तीच्या टायरांत मिशलिनचा एक्सएएस होता, १९६५ चा, दोन्ही कडांना वेगळी नक्षी असलेला पहिला टायर. आणि पिरेलीचा चिंतुरातो सीए६७. यांचे खांदे गोल असतात, आणि रबर आजचं. काकांनी चिंतुरातो निवडला, १६५ आर १४, भारांक ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, वेगाचं अक्षर एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. गाडी तेवढी कधीच पळणार नाही.

मी आणखी एक आग्रह धरला: चार नाही, पाच घ्या. आणि दुकानदाराकडून तारखेचा आकडा आधी विचारून घ्या. पाचही टायर २०२३ चे आले.

बसवताना झालेली चूक

तारांच्या चाकात रिमला साठ भोकं असतात, म्हणून हवा धरायला ट्यूब लागतेच. तारांच्या टोकांनी ट्यूब टोचू नये म्हणून रिमवर आतून रबरी पट्टा घालतात. हे सगळं मी जवळच्या टायरच्या दुकानात लिहून दिलं होतं. त्यांनी पट्टे घातले, ट्यूब घातल्या, बॅलन्सिंग करून दिलं. मी तिथे उभा राहिलो नाही, ही माझी चूक.

अकराव्या दिवशी काकांचा फोन, मागचं डावं चाक बसलं होतं. खिळा नाही, काच नाही. पन्नासची थरथरही पूर्ण गेली नव्हती. या वेळी आम्ही गाडी नॉटिंगहॅमकडे जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे नेली. त्याने टायर उघडला, आत बोट फिरवलं आणि काळी पूड काढून दाखवली. मग टायर उजेडाकडे धरला. आतल्या भिंतीवर कारखान्याचं कागदी लेबल होतं, पत्त्याच्या पानाएवढं, एक कोपरा सुटून वळलेला. ट्यूबवर त्याच आकाराचा एक चकचकीत डाग, आणि डागाच्या कडेला टाचणीएवढं भोक. ट्यूब टायरच्या आत सतत किंचित सरकत असते. लेबलाचा कोपरा तिला सँडपेपरसारखा घासत होता.

उरलेले चारही टायर उघडले. तीनमध्ये लेबलं तशीच होती. त्याने ती गरम पाण्याने भिजवून काढली, डिंक पुसला, आतून शंखजिऱ्याची पूड फिरवली आणि प्रत्येक तारेचं टोक बोटाने तपासत दोन ठिकाणी कानस मारली. पूड घातली की ट्यूब चिकटत नाही आणि घासतही नाही. आपल्याकडचे जुने पंक्चरवाले हे न सांगता करायचे.

थरथरीचं उरलेलं कारण बॅलन्सिंगमध्ये होतं. तारांचं चाक गाडीवर बसतं ते आतल्या दात्यांवर आणि दोन बाजूंच्या उतारांवर. पहिल्या दुकानाने ते यंत्रावर साध्या शंकूवर, मधल्या भोकावर बसवलं होतं. या माणसाकडे हबसारखाच दात्यांचा तुकडा होता. त्याने मला करून दाखवलं: साध्या शंकूवर तेच चाक तीनदा बसवलं, तीनदा वेगळं वजन मागितलं, ४५ ग्रॅम, ७०, ३०. स्वतःच्या तुकड्यावर तीनदा बसवलं, तिन्ही वेळा २५. ज्या मोजमापाचं उत्तर दर वेळी बदलतं त्यावर शिसं चिकटवण्यात अर्थ नव्हता.

चाकं परत बसवताना तांब्याचा हातोडा आणि मधला कानवाला नट. ज्या दिशेने चाक पुढे फिरतं त्याच दिशेने तो नट सुटतो, ऐकायला उलटं वाटलं तरी. चाकं डावी-उजवी जाऊ नयेत म्हणून मी हबवर खडूने खुणा केल्या होत्या. तीस मैलांनंतर चारही नट पुन्हा ठोकून पाहिले. एक थोडा हलला.

हवा ठरवणं आणि निकाल

हँडबुकचे २१ आणि २४ हे त्या काळच्या टायरांचे आकडे. आम्ही पुढे २४, मागे २६ पासून सुरुवात केली. टायरवर आडवी खडूची रेघ मारायची, सरळ रस्त्याने शंभर-दोनशे मीटर जायचं आणि उतरून बघायचं. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. मागे २६ ला मध्य जरा आधी पुसला जात होता, २५ केली. पुढे २४ च राहिली. मागे नेहमी पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, म्हणजे सुटताना गाडी पुढून सुटते आणि सावरता येते.

नव्या टायरवर साच्यातून येणारा निसरडा थर असतो, म्हणून पहिले शंभर मैल काकांना हळू चालवायला लावलं. त्यानंतर मोजलं: गाडी पुढून चौदा मिलिमीटर, मागून पंधरा वर आली. स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासत नाही. पन्नास, साठ, सत्तर, स्टिअरिंग स्थिर. गाडी पहिल्यापासून मागून थोडी टकटक करते, ती गेली नाही. ती डाव्या मागच्या हबच्या झिजलेल्या दात्यांची आहे, त्याचं काम हिवाळ्यात करू.

पावसाची वाट बघावी लागली नाही, डर्बीशरचा मे महिना होता. त्याच राउंडअबाउटवर मी शेजारी बसलो आणि काकांनी ताशी वीस मैलांनी वळवली. मग पंचवीस. मागचं चाक किंचित सरकलं, काकांनी स्टिअरिंग बोटभर सोडलं आणि ते परत जागेवर आलं. "कळलं मला," ते म्हणाले. "आधी कळायचं नाही."

जुने टायर काकांना गॅरेजमध्ये ठेवायचे होते, निदान १९९८ ची स्टेपनी, "कोरी आहे रे." मी ऐकलं नाही. पाचही टायरांच्या कडा चाकूने कापल्या, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाहीत, आणि मगच दुकानात जमा केले.

भारतात अशी गाडी बाळगणाऱ्यांना हे सगळं इतकं सोपं नाही, याची मला कल्पना आहे. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागतो, आणि चौदा-पंधरा इंचांची जुनी मापं तिथे शोधावी लागतात. तरी जे मिळेल त्याचा आकडा वाचता येतो, व्यास गुणून काढता येतो, आणि शेवटचा सी पाहता येतो.

काकांच्या गाडीत एक वही असते, १९८६ पासूनची, तेल, प्लग, पेट्रोल, सगळं तारखेनिशी. त्या संध्याकाळी त्यांनी पाचही टायरांचे आकडे त्यात एकाखाली एक लिहिले. खाली रेघ मारून लिहिलं, "बदलणे: २०३३." पेन थांबलं. काकूंनी वाकून वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, तेव्हा तुम्ही शहाऐंशीचे असाल."

काकांनी आकडा तसाच ठेवला. पुढे कंसात मुलाचं नाव लिहिलं.